लिनक्स : लायब्ररी बदलल्यावर अडणारी साधने

लिनक्समधील 'एलएस', 'सीपी', 'हू' यांसारख्या आज्ञा सर्व काम स्वतः करीत नाहीत. फाइल उघडणे, मेमरी मागणे, मजकूर पडद्यावर आणणे ही कामे त्या 'सी लायब्ररी' या सामायिक फाइलकडे सोपवितात. त्यामुळे कंपायलर व ही लायब्ररी बदलली, की कुणी हातही न लावलेली साधने एकाएकी अडतात.

रेड हॅट ५.० (१९९७) आणि डेबियन २.० (१९९८) या आवृत्त्यांत जुन्या 'लिबसी ५'ची जागा 'ग्लिबसी २'ने घेतली. तेव्हा 'हू' आणि 'लास्ट' यांचे दुखणे विशेष फसवे ठरले. संगणकावर कोणी लॉगिन केले, याची नोंद एका सामायिक फाइलमध्ये होते. या नोंदीत वापरकर्त्याच्या नावाला जुन्या लायब्ररीत ८ अक्षरांची जागा होती, नवीन लायब्ररीत ३२ अक्षरांची. जुन्या मापाचे साधन नवी फाइल वाचू लागले, की नावांऐवजी निरर्थक अक्षरे उमटत. त्याने त्यात लिहिले, तर नोंदवहीच बिघडे. साधन नव्या लायब्ररीवर पुन्हा कंपाइल करणे आणि बिघडलेली फाइल रिकामी करणे, हाच त्यावरचा खरा उपाय.

'लायब्ररी सापडत नाही' अशी सरळ तक्रार असेल, तर काम सोपे. कोणती लायब्ररी हवी, हे 'एलडीडी' सांगते. ती जुनी लायब्ररी नवीच्या शेजारी ठेवून 'एलडीकॉन्फिग' चालविले, की बहुधा भागते.

काही वेळा पुन्हा कंपाइल करतानाच अडचण येते. जुन्या प्रोग्रॅममध्ये 'एरनो' हा चल लेखकाने स्वतःच घोषित केलेला असे, ग्लिबसी २.३ (२००२) पासून ते चालेनासे झाले. ती ओळ काढून योग्य हेडर फाइल जोडणे पुरेसे असते.

खरा धोका मूळ लायब्ररीची फाइल हलविण्यात किंवा तिचा दुवा पुसण्यात आहे. तसे होताच 'सीपी', 'एमव्ही', 'एलएन' तिन्ही बंद पडतात; म्हणजे दुरुस्तीची हत्यारेच निकामी! अशा वेळी उघडे टर्मिनल मुळीच बंद करू नये, कारण पुन्हा लॉगिन होईलच असे नाही. 'एसएलएन' हे साधन लायब्ररीवर अवलंबून नसते. ते उपलब्ध असल्यास तुटलेला दुवा त्याने जोडता येतो. नसल्यास लोडरला थेट हाक मारून लायब्ररीचा पत्ता देता येतो. तेही न साधल्यास सीडी किंवा पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून फाइल पूर्वस्थळी ठेवावी लागते.