ज्योत आणि काजळी

कागल तालुक्यांतील बिद्री हें गांव आज दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळें सर्वश्रुत आहे. परंतु वीज येण्यापूर्वीं या परिसरांतील घरांना रात्रीं आधार असे तो कोनाड्यांतील दिवलीचा. तेलवात संथपणें तेवत असे आणि कोनाड्याची कमान वर्षानुवर्षे काळवंडत जाई. पुढें रॉकेल आलें. त्याबरोबर पत्र्याची चिमणी आली; उजेड वाढला, पण धूरही वाढला.

मेणबत्तीची गोष्ट निराळी, असा समज पुष्कळांचा होता आणि आजही आहे. ती पांढरी, नीटस, तेल न सांडणारी. नांवांत मेण असलें, तरी बाजारांतील बहुतेक मेणबत्त्या मधमाशांच्या मेणाच्या नसून पॅराफिनच्या असतात. हें पॅराफिन खनिज तेलापासूनच निघतें. म्हणजे मेणबत्ती ही रॉकेलच्या चिमणीची सख्खी बहीणच होय.

इ. स. 1860-61 च्या हिवाळ्यांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरडे यांनीं केवळ मेणबत्ती या विषयावर मुलांसाठीं सहा व्याख्यानें दिलीं. ज्योतीचा तेजस्वीपणा तींतील तापलेल्या कोळशाच्या सूक्ष्म कणांमुळें असतो, हें त्यांनीं दाखविलें. आमच्याकडील गृहिणी दिव्यावर भांडें उपडें धरून काजळ पाडीत, तेव्हां तेच कण गोळा करीत असत. मेणबत्तीचें जळणें आणि माणसाचें श्वसन यांतील साम्यही फॅरडे यांनीं विशद केलें : दोन्हीं प्राणवायु घेतात आणि कार्बन डायॉक्साइड सोडतात.

भांड्याला चिकटणारी काजळी दिसते. श्वासावाटे फुप्फुसांत उतरणारे कण दिसत नाहींत. ज्योत स्थिर असतांना काजळी थोडी पडते, तरी अतिसूक्ष्म कण निघतच असतात. वाऱ्यानें ज्योत फडफडली किंवा वात लांब राहिली, कीं मेण अर्धवट जळतें आणि काजळी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेनें 2021 सालीं अशा बारीक कणांची 24 तासांची मर्यादा दर घनमीटर हवेस 15 मायक्रोग्रॅम इतकी सुचविली. एखाद्या संध्याकाळची एक मेणबत्ती निरोगी माणसास फारशी बाधणार नाहीं. पण दारें-खिडक्या लावलेल्या खोलींत अनेक मेणबत्त्या तासन्‌तास जळत राहिल्या, तर दमेकऱ्यास, तान्ह्या मुलास व वृद्धास त्रास होऊं शकतो.

दिवा फुंकून विझवूं नये, ही जुनी रीत येथें उपयोगी पडते. फुंकर घातल्यावर वातींतून जो पांढरा धूर निघतो, तो न जळलेल्या मेणाच्या वाफेचा असतो. वात वितळलेल्या मेणांत बुडवून लगेच उभी केली, तर तो धूर फारसा होत नाहीं. वात आंखूड कापावी, मेणबत्ती वाऱ्याच्या झोतांत ठेवूं नये आणि खोलींत हवा खेळती ठेवावी. कोनाड्याच्या काळ्या कमानीनें पूर्वीं जें दाखवून दिलें, तें पांढऱ्या भिंतीवर दिसेपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं.