सुपा धरणाकाठचे ‘डास’

* ‘डासांचे ढग’: हे डास नव्हेत. चावा नाही, टोचणारी सोंड नाही, बसल्यावर पुढचे दोन पाय अधांतरी. जोयडा तालुक्यातल्या गणेशगुडीच्या दिव्याखालचे हे वर्णन कायरोनोमिडी कुळातल्या न चावणाऱ्या चिलटांचे आहे. धरणाच्या गाळात त्यांच्या अळ्या वाढतात. कित्येक जातींच्या अळ्या हिमोग्लोबिनमुळे तांबड्या असतात. मासे पाळणाऱ्यांना त्या चांगल्या ठाऊक.

लेखकाने दिलेले ‘कायरोनोमस न्यूबिफर’ हे नाव जुने आहे. स्क्यूज याने १८८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून ही जात नोंदवली, तेव्हा कायरोनोमस हा वंश म्हणजे अडगळीची खोलीच होती; नवे चिलट दिसले की टाका आत. आता ती पॉलिपेडिलम वंशात आहे. असे वंशबदल ठरतात ते काचपट्टीवर: नराच्या शेपटाकडची जननांगे, अळीच्या हनुवटीवरची दातेरी पट्टी, पायाच्या नखांखालच्या गाद्या (पॉलिपेडिलममध्ये दुभंगलेल्या). कायरोनोमसच्या अळीला शेपटाजवळ बहुधा नळ्यांच्या दोन जोड्या लोंबतात, पॉलिपेडिलमला त्या नसतात. नुसत्या डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही, म्हणून लेखकाची ओळख अंदाज म्हणूनच घ्यावी.

हल्ली हे नाव ‘पॉलिपेडिलम न्यूबिफर (स्क्यूज)’ असे लिहितात. कंस शोभेचा नाही. जात मूळ वंशातून हलवली गेल्याची ती खूण. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात अभ्यासली गेलेली कायरोनोमस रॅमोसस १९९२ मध्ये चौधुरी, दास आणि सब्लेट यांनी नोंदवली. ती अजून त्याच वंशात आहे, त्यामुळे त्या तिघांच्या नावांना कंस लागत नाही. —संपा.