दुर्मिळ गाण्यांचा खोका घ्यावा का?

आजचा विषय इतिहासाचाच आहे, पण या वेळी त्याला किंमत आहे, अगदी रुपयांत. इथे वेलचेरीत आमच्या इमारतीत नागपूरकडचा एक मुलगा राहतो. दिवसा कॉम्प्युटरसमोर, रात्री बास गिटारसमोर. त्याने मला विचारलं, "काका, स्लाय अँड द फॅमिली स्टोनचा ‘हायर!’ नावाचा चार सीडींचा संच मिळतोय, वापरलेला आहे पण चांगल्या स्थितीत. पगाराचा बराच भाग जाईल. घेऊ का?" मी म्हटलं, आठवडाभर थांब. त्याला द्यायचं उत्तर लांबत गेलं, म्हणून कॅमेरा लावला. मागून मधूनच उन्नत रेल्वेचा आवाज येईल, तो सहन करा.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९६६-६७ च्या सुमारास हा जमाव जमला. स्लाय स्टोन हा रेडिओवर निवेदन करणारा आणि रेकॉर्डिंग करून देणारा तरुण होता. भाऊ फ्रेडी गिटारवर, बहीण रोझ कीबोर्डवर, सिंथिया रॉबिन्सन ट्रम्पेटवर, जेरी मार्टिनी सॅक्सोफोनवर, ग्रेग एरिको ड्रमवर आणि लॅरी ग्रॅहम बासवर. गोरे-काळे एकत्र, बायका-पुरुष एकत्र, आणि बाईच्या हातात ट्रम्पेट. त्या काळच्या अमेरिकेत हे नुसतं रंगमंचावर उभं राहणंसुद्धा बोलकं होतं. १९६९ मध्ये ‘स्टँड!’ आला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते वुडस्टॉकला पहाटेच्या अंधारात वाजले. १९७१ मध्ये ‘देअर्स अ रायट गोइन ऑन’, १९७३ मध्ये ‘फ्रेश’. नंतर उतार लागला.

आता फंक म्हणजे काय, हे आपल्या भाषेत सांगायचं तर समेचं वेड. जेम्स ब्राउन आपल्या वादकांना पहिल्या मात्रेवर जोर द्यायला लावायचा. बाकी आवर्तनात काय हवं ते करा, पण पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र उतरा. तबल्याची मैफल ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. लावणीची ढोलकी ऐकणाऱ्याला तर नाहीच नाही.

लॅरी ग्रॅहमने त्यात एक भर घातली, आणि आमच्या नागपूरकराला तीच हवी आहे. लॅरी लहान वयात आईबरोबर क्लबांत वाजवायचा. आई पियानोवर आणि गाणारी, सोबत ड्रमवाला. तो ड्रमवाला गेला. मग लॅरीने बासच्या तारेवर अंगठा आपटून मोठ्या ढोलाची जागा भरली आणि बोटाने तार ओढून सोडून स्नेअरची. एक माणूस कमी पडला म्हणून जन्मलेली युक्ती, आणि आज जगभरच्या क्लासांत तिचे धडे देतात.

आता खोक्याकडे येऊ. ‘हायर!’ २०१३ मध्ये आला. ४ सीडी, ७७ ध्वनिमुद्रणं, त्यांतली १७ पूर्वी कधीच न आलेली. सोबत फोटोंनी भरलेलं जाड पुस्तक. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतात ती १७. उरलेली ६० काय आहेत, हे मात्र नीट बघावं लागतं. त्यांतली बरीच गाणी मूळ अल्बम घेतलेल्याकडे असतातच. पण एक गोष्ट विक्रेते फारशी सांगत नाहीत आणि मला तीच मोलाची वाटते. साठच्या दशकात छोट्या ४५ च्या तबकड्या मोनोमध्ये निघायच्या, रेडिओसाठी आणि ज्यूकबॉक्ससाठी. त्यांचं मिश्रण बऱ्याचदा वेगळं केलेलं असे. स्टिरिओत ड्रम एका कानात, ब्रास दुसऱ्या कानात असा संसार वाटून दिलेला असतो. मोनोत सगळे एकाच खोलीत, एकमेकांच्या अंगावर. नाचाचं संगीत तसंच ऐकावं. अशी मोनो सिंगल या संचात आहेत, आणि माझ्या मते त्या १७ नव्या गाण्यांपेक्षा ती जास्त कामाची आहेत.

१७ नव्यांबद्दल सांगायचं तर, न आलेलं गाणं बहुधा काहीतरी कारणाने आलेलं नसतं. कधी अर्धवट राहिलेलं असतं, कधी त्याच चालीचं बरं रूप दुसऱ्या नावाने आधीच बाहेर पडलेलं असतं. स्वयंपाकघरात डोकावल्यासारखं आहे ते. ज्याला स्वयंपाक शिकायचाय त्याने जरूर डोकावावं. ज्याला जेवायचंय त्याने पानावर बसावं. ‘रायट’च्या बाबतीत तर एक मजा आहे. स्लाय त्याच टेपवर पुन्हा पुन्हा आवाज चढवत-पुसत राहिला, टेप झिजली, आणि तो धुरकट, घुसमटलेला आवाज तयार झाला. ‘फॅमिली अफेअर’मध्ये तर खऱ्या ड्रमऐवजी ठोके देणारं यंत्र आहे. अशा रेकॉर्डला "आता अधिक स्वच्छ आवाजात" असं लेबल लावून विकलं तर काय विकलं?

इथवर हा फक्त कानाचा हिशेब झाला. पण मी इतिहासाचा माणूस, मला पावतीच्या मागची बाजूही बघायची सवय. पैसा कुठे जातो? स्लायने आपल्या गाण्यांचे प्रकाशनहक्क ऐंशीच्या दशकात मायकेल जॅक्सनला विकले. २०११ मध्ये तो लॉस एंजेलिसमध्ये एका व्हॅनमध्ये राहतोय, अशी बातमी जगभर छापून आली. २०१५ मध्ये ज्युरीने त्याच्या बाजूने ५० लाख डॉलरचा निकाल दिला, तरी पुढे त्यातून त्याच्या पदरात फारसं काही पडलं नाही. ९ जून २०२५ ला तो गेला, वय ८२. पुढच्या महिन्यात १९६७ मधलं त्याच्या बँडचं सुरुवातीच्या दिवसांतलं एक क्लबमधलं ध्वनिमुद्रण बाजारात आलं. योगायोग असेल. पण या धंद्यात मेलेल्या माणसाचा आवाज जिवंत माणसापेक्षा वेळेवर येतो, हे खरं.

आपल्याकडे हेच कसं घडलं ते बघा. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात त्यांनी वाजवलं, ही गोष्ट मुंबईचे जुने लोक अजून रंगवून सांगतात. त्याच मुक्कामात त्यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती टेप अधिकृतपणे यायला २०१५ उजाडलं, ‘कोडा’ अल्बमच्या वाढीव आवृत्तीत. त्रेचाळीस वर्षं. आणि गाण्यापुढे कंसात काय लिहिलंय? बॉम्बे ऑर्केस्ट्रा. झालं. सारंगी कोणाची, तबला कोणाचा, हे शीर्षकाला विचारायचं नाही. हा फंक नव्हे, मान्य. पण दुर्मिळ ध्वनिमुद्रणांच्या बाजारात आपल्या वादकाची जागा कुठे आहे, ते या एका कंसात दिसतं.

याच्या उलट घडलेली गोष्टही आहे, आणि ती मला फार आवडते. चरणजित सिंग हे मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंतले वादक. बास वाजवत, सिंथेसायझर वाजवत. १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली. राग भैरव, राग ललत वगैरे, खाली यंत्राचा ठोका. कोणी ढुंकून पाहिलं नाही. वीस वर्षांनी एदो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. तो मुंबईत चरणजितजींच्या घरी गेला आणि २०१० मध्ये आपल्या बॉम्बे कनेक्शन या छोट्या कंपनीतर्फे त्याने ती पुन्हा काढली. सत्तरीतला माणूस मग परदेशातल्या मंचांवर गेला, आणि समोर नातवाच्या वयाची पोरं नाचली. २०१५ मध्ये ते गेले, पण टाळ्या ऐकून गेले. ज्या पुनर्मुद्रणासाठी कोणीतरी आधी त्या माणसाच्या दाराची कडी वाजवली, त्याला माझे पैसे आनंदाने.

मराठी माणसाला जवळची गोष्ट अॅटॉमिक फॉरेस्टची. कीथ कांगाचा मुंबईचा बँड, सत्तरच्या दशकातला, रॉक आणि फंकच्या सीमेवरचा. या बँडसाठी काही काळ गायलेला एक गायक म्हणजे नंदू भेंडे. होय, ‘झोपी गेलेला जागा झाला’वाल्या आत्माराम भेंड्यांचा मुलगा. अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये तो ज्यूडस होता, पुढे ‘डिस्को डान्सर’मध्ये बप्पी लाहिरींसाठी गायला. घरात फार्स, बाहेर हेंड्रिक्स. अॅटॉमिक फॉरेस्टची ‘ऑब्सेशन ७७’ ही तबकडी भारतात कोणी जपली नाही, परदेशी संग्राहकांनी मात्र तिचे भाव चढवले. २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन या कंपनीने या बँडचं संगीत पुन्हा बाजारात आणलं. नंदू भेंडे २०१४ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या हयातीत आलं, एवढं तरी म्हणता येतं. मुंबईत वाजलेलं गाणं मुंबईकराला लॉस एंजेलिसहून टपालखर्च भरून घ्यावं लागतं, याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

आणि चेन्नई? इथे तर खाणच आहे. इलैयाराजांचा १९७६ चा ‘अन्नक्किळी’ लोकगीतांच्या अंगाने आला, म्हणून आपल्याकडे त्यांना मातीतला संगीतकार म्हणतात. पण त्यांच्या वाद्यमेळात शशीधरन यांचा बास, पुरुषोत्तमन यांचे ड्रम, विजी मॅन्युएल यांचे कीबोर्ड होते. सत्तरच्या अखेरची गाणी घ्या, गाणाऱ्याकडे कान बंद करा आणि फक्त बास ऐका. शहरातल्या कुठल्याही फंक बँडने मान तुकवावी असं काम आहे. मँचेस्टरच्या फाइंडर्स कीपर्स कंपनीने १९७७ ते १९८३ च्या अशा गाण्यांचा ‘सोल्ल सोल्ल’ नावाचा संग्रह काढला, तो या कानाने ऐकलेला संग्रह आहे.

हक्कांचा प्रश्न मात्र इथेही सुटलेला नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने संगीतकार आणि गीतकारांना मानधनाचा असा वाटा दिला, जो निर्मात्याला कागदावर सही घेऊन काढून घेता येत नाही. पण त्याआधीच्या गाण्यांचं काय? इलैयाराजा आणि ध्वनिमुद्रण कंपन्या यांच्यातल्या वादात मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांचे नैतिक हक्क मान्य केले, तरी वाद पुढे अपिलांत चालूच राहिला. संगीतकाराची ही स्थिती, तर बासवाल्याची कोण विचारतो?

आता एक घरगुती मुद्दा. डिसेंबर २०१५ च्या पुरात वेलचेरी बुडाली, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आम्ही वरच्या मजल्यावर होतो. तळमजल्यावरच्या शेजारी आजोबांकडे तमिळ तबकड्या आणि कॅसेटी भिंतभर होत्या. पाणी ओसरल्यावर आम्ही चार-पाच जण ते सामान उपसायला गेलो. तेव्हा कळलं की तबकडी फार चिवट असते. साध्या पाण्याने धुतली, सावलीत वाळवली, की वाजते. कॅसेटी गेल्या. वेष्टनं लगद्यासारखी झाली. आणि गुळगुळीत कागदावर छापलेल्या पुस्तिका? त्यांची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली. उघडायला गेलं की फोटोचे तुकडे हातात. आजोबा म्हणाले, "आवाज राहिला, नावं गेली." कोणी काय वाजवलं, हे त्या कागदांवरच होतं ना.

खोक्याचं पुस्तक मी म्हणूनच महत्त्वाचं मानतो. गाणी आज स्ट्रीमिंगवर ऐकता येतात, पण तिथे वादकांची नावं शोधून बघा. तुम्ही खोका घेता तेव्हा खरं तर पुस्तक विकत घेता, आणि चार सीडी त्याबरोबर येतात. त्यामुळे कुठलाही संच घेण्याआधी मी विक्रेत्याला पुस्तकाच्या पानांचे फोटो पाठवायला सांगतो. त्यात प्रत्येक गाण्यापुढे वादकांची नावं आणि तारखा असतील तर पुढे बोलणं. नुसते रंगीत फोटो आणि कोणा प्रसिद्ध माणसाची दोन पानी स्तुती असेल तर राम राम.

तर आमच्या नागपूरकराला मी सांगितलं ते असं. तुझ्याकडे ‘स्टँड!’, ‘रायट’ आणि ‘फ्रेश’ हे तीन अल्बम आहेत का? नाहीत. मग आधी ते घे. तिघे मिळून खोक्यापेक्षा स्वस्त पडतील आणि लॅरी ग्रॅहमचा अंगठा ‘स्टँड!’वर पोटभर आहे. ‘फ्रेश’पर्यंत लॅरी बँड सोडून गेला होता, तिथे रस्टी अॅलनचा बास आहे. दोघांतला फरक कानाने सापडेपर्यंत ऐक, तोच तुझा खरा रियाज. सहा महिन्यांनी मोनोची तहान लागली तर ‘हायर!’ घे, पण वापरलेलाच, आणि पुस्तकासह. पुस्तकाविना मिळत असेल तर अर्ध्या किमतीलाही नको. परदेशातून मागवणार असशील तर टपालखर्च आणि आयात शुल्क आधी धरून मग किंमत बघ. नाहीतर पार्सल दारात आलं की पोस्टमनसमोर चेहरा पडतो.

त्याने विचारलं, "आणि नंदू भेंड्यांचं?"

ते लगेच घे म्हटलं. आणि मला आठवडाभर उसनं दे. माझी प्रत त्याच पुरानंतर कोणीतरी वाचायला, म्हणजे ऐकायला, नेली ती अजून परत आलेली नाही.