जगात जर्मनी, भारतात परभणी अन् मधे एक दुर्बीण

परवा इनबॉक्समध्ये एका पोरानं विचारलं, "दादा, जिंतूरच्या डोंगरात लांबचं बघायला कोणती दुर्बीण घेऊ? ऑनलाइन एक 'हंटिंग'वाली दिसली, ६०×६०, स्वस्तात." उत्तर दोन ओळींचं आहे. पण ह्या दुर्बिणीचा अन् आपल्या मुलखाचा संबंध जुना आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझा मूर्खपणा सांगतो. असलीच एक मीही घेतली होती. नेमगिरीवर चढलो, डोळ्याला लावली, तर समोरचा अख्खा डोंगर गदागदा हालायला लागला. डोंगर काय हालतोय? हात हालतो, अन् दुर्बीण तेही तेवढ्याच पटीनं मोठं करून दाखवते. संध्याकाळी तर नुसता अंधार. पैसे गेले.

दुर्बीण हा शब्द फारसी. दूर म्हणजे लांब, बीन म्हणजे बघणारा. आपल्या डोंगरात लांबचं बघणं म्हणजे फार काळ शिकारच होती. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला अजिंठ्याला आला अन् वाघूर नदीच्या दरीपलीकडं त्याला लेण्याची कमान दिसली. (गावच्या लोकांना लेणी माहीत होतीच, ते सोडा.) १० नंबरच्या लेण्यात त्यानं आपलं नाव अन् तारीख कोरून ठेवलीय. तो मुलूख तेव्हा निजामाचा, आपल्या परभणीसारखाच. अन् त्याच अजिंठ्याच्या रांगेचं शेपूट आपल्या जिंतूरकडं येतं.

त्या काळच्या जोडनळीच्या दुर्बिणीतून साधारण तीन-चार पटच मोठं दिसायचं, तेही खिडकीच्या फटीतून बघितल्यासारखं. नळी लांब करावी तर गळ्यात अडकवता येईना. इटलीच्या पोरोनं १८५४ मध्ये तोड काढली: काचेच्या लोलकांत प्रकाश मागं-पुढं वळवायचा, म्हणजे लांब रस्ता आखूड डबीत मावतो. पण तेवढी चांगली काच मिळेना. ती जर्मनीत येना गावी ऑटो शॉटनं बनवली, अन् एर्न्स्ट आबेच्या हाताखाली झाईस कंपनीनं १८९४ मध्ये लोलकाची दुर्बीण बाजारात आणली. "जगात जर्मनी, भारतात परभणी" आपण गमतीनं म्हणतो. ह्या बाबतीत पहिला अर्धा तरी खरा आहे.

आता आकड्यांचं. ८×४२ म्हणजे आठ पट मोठं, अन् पुढच्या काचेची रुंदी ४२ मिलिमीटर. ४२ ला ८ नं भागा, सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यात शिरतो. अंधारात आपली बाहुली पाच ते सात मिलिमीटर उघडते. जनावर बाहेर पडतं पहाटे अन् तिन्हीसांजेला, म्हणून जर्मन शिकारी ८×५६ वापरायचे, बरोब्बर सात मिलिमीटर! आता त्या पोराच्या ६०×६० चा भागाकार करा. एक. आकडा खरा असला तरी दिवेलागणीला त्यातून काही दिसायचं नाही, अन् स्वस्तातला आकडा बहुतेक खराही नसतो.

जर्मनीची आणखी एक गोष्ट. सलीम अली बर्लिनला स्ट्रेसमान ह्या पक्षीशास्त्रज्ञाकडं शिकून आले, अन् १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. परभणी जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात. त्या काळी नमुना हवा तर पक्षी बंदुकीनंच पाडायचे. तेही पाडत. पुढं १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. ते खिशात अन् दुर्बीण गळ्यात घालून माणसं बंदुकीशिवाय पक्षी ओळखायला लागली.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारच संपली, कागदावर तरी. रात्री जीपवर टॉर्च लावून हरणाला दिपवणारे अजून आहेत, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, मारला तर किमान तीन वर्षं कैद. दुसरीकडं ज्याचा हरभरा कळपानं रातोरात खुडून नेला, त्याला कायदा शिकवायला मी जाणार नाही. पंचनाम्यासाठी हेलपाटे त्यालाच मारावे लागतात.

आमच्या शिवारात दर सुगीला हाच वाद. एक म्हणतो कळप वीसचा, दुसरा म्हणतो शंभरचा, मोजलेला कुणीच नसतो. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या काकांच्या बांधावर बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून, आम्ही मोजलं. सदतीस. त्यात काळे नर चार. काकांनी दुर्बीण परत देताना एवढंच म्हणलं, "सदतीस म्हणजे बी लई झाले की रं."

तर बाळा, ८×४२ घे. १० पटीची हात स्थिर असेल तरच. दुकानात घेणार असशील तर दिवे लागायच्या वेळेला जा, बाहेर रस्त्यावर येऊन बघ, अन् मगच पैसे दे. 'हंटिंग' शब्दाचे जास्तीचे पैसे मात्र देऊ नको.