महाराष्ट्रातील कॅथलिक माध्यमिक शाळांमधील विद्यार्थिजीवन

महाराष्ट्रातील कॅथलिक माध्यमिक शाळा या कॅथलिक धर्मप्रांत किंवा धर्मसंघ यांच्यामार्फत चालविल्या जाणाऱ्या शाळा होत. त्यांपैकी अनेक शाळा राज्य माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न असून तेथील विद्यार्थी दहावीची शालान्त परीक्षा देतात. बहुतेक शाळांत ख्रिस्तेतर विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात. त्यामुळे शाळेचे ख्रिस्ती स्वरूप आणि विद्यार्थ्यांचे धर्मस्वातंत्र्य यांचा मेळ घालणे, हा येथील विद्यार्थिजीवनातील महत्त्वाचा प्रश्न राहिला आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्यातील अनेक जुन्या कॅथलिक शाळा सुरू झाल्या. वांद्रे येथील सेंट स्टॅनिस्लॉस (१८६३), पुण्यातील सेंट व्हिन्सेंट्स (१८६७) व मुंबईतील सेंट झेवियर्स (१८६९) या शाळांचा विकास जेझुइट संघाने केला. विदर्भात हे कार्य फ्रान्समधील आनसी येथे स्थापन झालेल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाने केले. या संघाचे मिशनरी १८४६ मध्ये विशाखापट्टणम येथे आले होते. नागपूरची सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० मध्ये स्थापन झाली. नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये, तर त्यातून अमरावती धर्मप्रांत १९५५ मध्ये अस्तित्वात आला. यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग अमरावती धर्मप्रांतात मोडतो.

दैनंदिन जीवन

शाळेचा दिवस सामान्यतः परिपाठाने सुरू होतो. त्यात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना व सुविचार यांचा समावेश असतो. विद्यार्थी धर्मगुरूंना ‘फादर’ व धर्मभगिनींना ‘सिस्टर’ म्हणतात. मात्र शिक्षकवर्गात सामान्य स्त्रीपुरुषही मोठ्या संख्येने असतात. अनेक शाळांत विद्यार्थ्यांची चार गटांत विभागणी करून त्यांच्यात वक्तृत्व, नाट्य व क्रीडास्पर्धा घेतल्या जातात. शाळेच्या आश्रयदात्या संतांचा सण हा वर्षातील मोठा दिवस असतो. संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण ३ डिसेंबरला, तर संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा २४ जानेवारीला येतो. मुंबईतील कॅथलिक शाळांचा शालेय क्रिकेटशी जुना संबंध आहे. कसोटीपटू सुनील गावसकर हे सेंट झेवियर्सचे विद्यार्थी होत.

धर्मशिक्षण व मूल्यशिक्षण

कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी धर्मशिक्षणाचा तास असतो. त्याच वेळी इतर विद्यार्थ्यांसाठी मूल्यशिक्षणाचा तास घेण्याची पद्धत रूढ आहे. मिस्सा प्रामुख्याने कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी असते. स्नेहसंमेलन व नाताळचे कार्यक्रम मात्र सर्वांचे असतात. या विभागणीला घटनात्मक आधारही आहे. अनुच्छेद ३०(१) नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क आहे. अनुच्छेद २८(३) नुसार शासनमान्य किंवा शासकीय साहाय्य मिळणाऱ्या संस्थेत कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण घेण्यास किंवा उपासनेस उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही.

प्रवेश

शिक्षणहक्क कायदा, २००९ मधील दुर्बल व वंचित घटकांसाठीची २५ टक्के प्रवेशाची तरतूद अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. प्रमती न्यासाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नसल्याचा निर्णय दिला. या सवलतीमुळे गरीब मुलांची संधी कमी होते, अशी टीका होते. तर संस्थेची स्वायत्तता टिकविण्यासाठी ती आवश्यक आहे, असे समर्थक मानतात.

भाषा

शहरांतील बहुतेक नामांकित कॅथलिक शाळा इंग्रजी माध्यमाच्या असल्याने ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द बोलीत इंग्रजी शाळेसाठीच रूढ झाला. तथापि वसई परिसरातील कॅथलिक समाज मराठीभाषक असून तेथे चर्चशी संबंधित मराठी शाळांची परंपरा आहे. संगमनेर येथील ज्ञानमाता विद्यालय हे ग्रामीण भागातील जेझुइट शैक्षणिक कार्याचे उदाहरण होय. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावीपर्यंत मराठी विषय टप्प्याटप्प्याने अनिवार्य करण्यात आला.