श्वार्ट्झगुरुजींचा देश आणि आपला फळकेक

तंजावरच्या सरस्वती महालातील ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या मराठी ग्रंथात ब्राह्मणी व मराठा पाकांच्या जोडीला इंग्रजी पाकही नोंदलेला आहे. सरफोजी महाराजांचे गुरू श्वार्ट्झ मात्र इंग्रज नव्हेत, प्रशियातील जर्मन. १७९३ मध्ये तरुण सरफोजींना मद्रासला आणले, तेव्हा येथेही त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था गेरिके या जर्मन पाद्र्यानेच पाहिली. १७९८ मध्ये श्वार्ट्झ निवर्तले. महाराजांनी फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्यांचे संगमरवरी स्मारक घडवून घेतले. हा ऋणानुबंध आपण सहसा विसरतो.

त्याच जर्मनीतला फळांचा केक आपल्या घरीही भाजता येतो. चार अंडी व साखर फेसाळून दाट होईतो घोटावी, मग मैदा अलगद मिसळावा. जर्मन घरांत बेकिंग पावडर रुळली ती १८९० च्या दशकापासून, बीलेफेल्डचे औषधविक्रेते ऑगस्ट एटकर यांच्या पुड्यांमुळे. त्यापूर्वी सारा फुगवटा अंड्यांत कोंडलेल्या हवेचा!

खरी अडचण असते ती फळांवरच्या चकाकत्या थराची. जिलेटिन चेन्नईच्या उकाड्यात पाझरू लागते. शिवाय ते प्राणिज, म्हणून कित्येक घरांत वर्ज्य. त्याऐवजी शेजारच्या तमिळ मामींची कडलपासी, अर्थात आपले चायना ग्रास, पाण्यात उकळून ओतावे. एकदा थिजल्यावर ते पुन्हा वितळण्यास सुमारे ८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्यामुळे बंगनपल्ली आंब्याच्या फोडी ऐन मे महिन्यातही जागच्या हलत नाहीत.