मालवणी बोलीला सातासमुद्रापार नेणारे ‘वस्त्रहरण’

नांदगाव (सिंधुदुर्ग) : तळकोकणातील जत्रांमध्ये हार्मोनियम, पखवाज आणि झांजेच्या साथीने रात्रभर रंगणारा दशावतार शहरी प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला, त्यात ‘वस्त्रहरण’ या नाटकाचा वाटा मोठा आहे.

गंगाराम गवाणकर यांच्या ‘आज काय नाटक होवचा नाय’ या संहितेतून आकारास आलेले हे नाटक १९८० मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आले. गावकरी द्रौपदी वस्त्रहरणाचा खेळ उभा करतात आणि हौशी नटमंडळींच्या गोंधळात महाभारताचा पुरता विचका होतो, हे त्याचे कथानक. प्रारंभी प्रतिसाद बेताचाच होता. पु. ल. देशपांडे यांनी मनमोकळी दाद दिल्यानंतर मात्र चित्र पालटले. मच्छिंद्र कांबळी यांनी साकारलेला तात्या सरपंच घरोघरी पोहोचला. नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. लंडनच्या प्रेक्षकांनीही ते पाहिले.

या यशाचे मर्म रचनेत आहे. मूळ कथा सर्वांना ठाऊक असल्याने एखादा मालवणी शब्द अडला तरी प्रसंग अडत नाही. एरवी मराठी नाटकात मालवणी बहुधा घरगड्याच्या तोंडी असे. येथे तीच नाटकाची मुख्य भाषा झाली.

कांबळी यांचे २००७ मध्ये निधन झाले. गवाणकर यांना २०१६ मध्ये ठाण्यातील अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद लाभले. गावाबाहेर मालवणी बोलताना संकोचणाऱ्या चाकरमान्याला या नाटकाने आपल्या बोलीचा अभिमान दिला. प्रयोगसंख्येहून ही मिळकत मोठी आहे.